पॅसिफिकला आग्रह

प्रत्यक्ष समुद्राला तोंडावर नावं ठेवणारा माणूस जगात एकच असेल, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघावेत हे माझं नशीब. मामा कोकणातल्या हर्णै बंदराचे. मामी गेल्यावर बायकोने त्यांना सिडनीत टूनगॅबीला आमच्याकडे आणलं, पण त्यांची बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच असायची. कपडे तिच्यातून काढायचे, धुऊन पुन्हा तिच्यातच ठेवायचे. "आपलं इथं तात्पुरतं हो, जावईबापू," हे ते मला हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानात भेंडी निवडतानासुद्धा ऐकवत. हर्णैचं बंद घर घ्यायला त्यांचा पुतण्या तयार होता, सारखा विचारत होता. मामा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. एक दिवस हा माणूस तिकडे एकटाच राहायला निघून जाईल, या धास्तीने बायकोची झोप उडाली होती.

समुद्र पाहून रमतील म्हणून जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, लाँग वीकेंडला तिने मला त्यांना पोर्ट मॅक्वारीच्या किनाऱ्यावर न्यायला लावलं. गाडीतून उतरताच मामांनी हवा हुंगली. "मासळीचा वास नाही. हा कसला समुद्र?" मग वाळू उगाच धुतल्यासारखी निघाली, पेलिकन पक्षी ऐतखाऊ ठरले, आणि फिश अँड चिप्समधला पिठात घोळून तळलेला मासा पाहून तर "माशाला स्वेटर कशाला घातलाय?" असं विचारून त्यांनी खिशातून तिखटाची पुडी काढली. पाण्यात मात्र पाऊल नाही. सिडनीतसुद्धा कुठल्या लाटेला त्यांनी पाय लागू दिला नव्हता. "ओळखदेख नसताना कुणाच्या घरात शिरू नये," म्हणायचे. आमची लेक म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट वॉटर." तिच्याशी ते दुपारभर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खोलीत नव्हते. मी धावत किनाऱ्यावर गेलो आणि हादरलोच. त्या थंडीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मामा पाण्यात उभे, हातात हळदकुंकू लावलेला नारळ. तो बॅगेत कधी घातला होता कोण जाणे.

"काल पुतण्याला फोन केला," ते म्हणाले. "घर घे म्हटलं. आता इथंच राहायचं, तर याची ओळख करून घ्यायला हवी."

मामांनी नारळ सोडला. थोड्या वेळाने फळी काखोटीला मारून एक सर्फर पाण्यातून आला आणि नारळ त्यांच्या हातात देत म्हणाला, "युअर्स, मेट?" माझा चेहरा पडला. मामा मात्र शांत. "अहो, पहिल्याच आग्रहाला कोण हो म्हणतं?" असं मला म्हणत त्यांनी नारळ पुन्हा पाण्यावर ठेवला आणि हर्णैत पाहुण्याला सांगावं तसं हळूच म्हणाले, "घ्या हो, संकोच करू नका."

मला हसू आलं. मी पँट दुमडून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. या खेपेला नारळ परत आला नाही. मामांनी एकदा मागे, पश्चिमेकडे वळून पाहिलं. हर्णै त्या बाजूला होतं.