चिंगीच्या तक्त्यातले आकडे

भूत, करणी, नजर लागणं... यातलं काही मी मानत नाही. मानायचो नाही म्हणा. चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटीला आहे. जे मापात येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी हसलोच असतो.

आम्ही निगडीत, प्राधिकरणात राहतो. मी, बायको वैशाली आणि चिंगी — अकरा वर्षांची मांजर, तीही डायबेटिक. शुगर बघायला सारखं डॉक्टरांकडे नेणं परवडेना. त्यांनीच सांगितलं, "मेडिकलमधून माणसाचं शुगर मोजायचं साधं मशीन घ्या. मांजराला ते आकडा जरा कमी दाखवतं, तेवढं मी धरून चालेन." मग वैशाली रोज सकाळ-संध्याकाळ सव्वासहाला तिच्या कानाच्या कडेला टोचायची, थेंब पट्टीला लावायची, आकडा तक्त्यात लिहायची आणि नंतर इन्शुलिन द्यायची. शाळेची नोकरी सोडल्यापासून तिचा दिवस चिंगीपासून सुरू व्हायचा आणि चिंगीपाशीच संपायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर साताऱ्याला सासूबाई पडल्या, खुबा मोडला. वैशाली आठ दिवस तिकडे गेली. जाताना दहादा बजावलं, "अहो, आकडा बघितल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका. कमी आला तर अजिबात नाही."

पहिल्या संध्याकाळी मी टोचलं. जुन्या डबीतली शेवटची पट्टी वापरली. चिंगीनं मनगट असं ओरबाडलं की रक्त तिच्यापेक्षा माझंच जास्त निघालं. दुसऱ्या दिवसापासून ओव्हरटाइम लागला. मग मी तेच केलं, जे कंपनीत करतो.

आतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे दर तासाला पार्ट मोजून शीट भरायची असते. तास हुकले की चहानंतर चार रकाने एकदम भरतात. कुरुळीचा एक ऑपरेटर आहे, तो म्हणतो, "साहेब, सांभाळून घ्या की. माप काय पळून जात न्हाई." मी घेतो सांभाळून. माझा हातच बसलाय त्यात. आकडे एकसारखे लिहायचे नाहीत, थोडे वरखाली ठेवायचे. फार गुळगुळीत दिसले की ऑडिटर नेमकं बोट ठेवतो.

चिंगीचा तक्ता मी तसाच भरला. २४६. २३१. २५८. वेळ — सव्वासहा. त्या वेळी मी कंपनीच्या बसमध्ये असायचो! वैशाली फोनवर आकडा विचारायची, मी सांगायचो, ती "बरं झालं बाई" म्हणायची. इन्शुलिन मात्र निघताना आणि आल्यावर इमानानं देत होतो. वाटीतलं खाणं तसंच उरलेलं दिसत होतं... दिसत होतं, आता खोटं कशाला बोलू.

आठव्या दिवशी सकाळी ती बाल्कनीच्या दाराशी आडवी पडून थरथरत होती. हिरड्यांना मध चोळला, तिची मशीन-तक्त्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि तिला तशीच उचलून आकुर्डीला डॉक्टरांकडे पळालो. त्यांच्या मशीनवर शुगर जवळजवळ नव्हतीच. वैशाली साताऱ्याहून थेट तिथं पोचली, तोवर चिंगी गेली होती.

डॉक्टर म्हणाले, "घरचं मशीन द्या, मेमरी बघू." मी पिशवीतून काढून दिलं. त्या आठवड्याचा एकच आकडा निघणार होता, पहिल्या संध्याकाळचा.

त्यांनी तक्ता शेजारी ठेवून बटण दाबलं. पहिला आला. मग २४६. २३१. २५८... मी मनानं लिहिलेले बाराच्या बारा. तारखा बरोबर. वेळ सव्वासहा.

"तुम्ही सगळं व्यवस्थित केलंय," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी अचानक उतरते शुगर. तुमची काही चूक नाही."

घरी येऊन आधी पट्ट्यांची नवी डबी बघितली. सील तसंच होतं. किल्ली माझ्याकडे, आठ दिवसांत घरात दुसरं कुणी आलेलं नाही. कंपनीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला गोल गोल फिरवून विचारलं. तो म्हणाला, पट्टी घातल्याशिवाय मशीन आकडा साठवूच शकत नाही.

पण खरं छळतं ते वेगळंच. सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत चिंगीला पुरताना वैशाली तिचा कान बोटांत धरून कितीतरी वेळ चोळत बसली. मग म्हणाली, "तुमचा हात किती हलका हो. टोचल्याची एक खूण नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी माती ओढत राहिलो.

आता सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनाही डायबेटिस. वैशालीनं तेच मशीन माझ्या हातात दिलं — "आईचं तुम्हीच बघत जा." रोज बघतो. खरंच टोचतो, खरंच थेंब घेतो. आकडा येतो, चांगला येतो. आणि मी पेन धरून तसाच उभा राहतो... हे मशीन खरं सांगतंय, की परत मला सांभाळून घेतंय?