दाजींचं गाऱ्हाणं

दाजी सावंतांशी माझी ओळख झाली ती स्टुटगार्टमध्ये, आमच्या घराखाली. माझ्या नव्या गाडीपुढे नारळ ठेवून ते हात जोडून उभे होते. शेजारच्या इमारतीत राहणारे, डिझेल इंजिनांचे निवृत्त फिटर, मूळचे मालवणचे, एवढंच मला ठाऊक होतं. गाडी आणि गाडीवाला सुखरूप ठेव, असं त्यांनी खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. वरच्या बाल्कनीतून जर्मन शेजारीण टक लावून बघत होती.

"रे झिला, व्हय म्हाराजा म्हण! गाराण्याक व्हय म्हणाक दुसरा माणूस लागता."

मी नुसते ओठ हलवले. पुणेरी माणूस मी, मला चारचौघांत लाज वाटली. त्यांची बायको होती तोवर ती 'व्हय' म्हणायची. ती गेल्यावर दाजींना एकच भीती उरली होती: आपण मागायचं आणि उत्तर द्यायला कुणीच नसायचं. हे कळूनही माझं तोंड कधी उघडलं नाही, याची आज शरम वाटते.

दाजींची एक म्हातारी मोटरबोट हॉलंडच्या देल्फझाइल बंदरात असायची. एका उन्हाळ्यात ते मला घेऊन गेले. देल्फझाइलहून सकाळी निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने संध्याकाळी लाउवर्सोखला पोचायचं. बोटीवर आम्ही दोघंच. धक्का सोडताना दाजी म्हणाले, "समुद्र खंयचो का असाना, तेका राखणदार आसताच."

दोनेक तासांत धुकं आलं. आधी किनाऱ्यावरच्या पवनचक्क्या गेल्या, मग पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोया, मग आमच्याच बोटीचं नाक. दाजींनी इंजिन बंद केलं. कुठल्या जहाजाचा भोंगा येतो का, ते ऐकायला. काहीच येईना. पाणीसुद्धा आवाज करेना. दाजी उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा तुझ्या पाण्यात उतरली. काय चूकभूल झाली आसात तर पदरात घे आणि तेंका सुखरूप काठाक लाव रे म्हाराजा!"

मी बोटीचा कठडा घट्ट धरून बसलो होतो. आणि डावीकडून, उथळ पाण्याच्या बाजूने, अगदी जवळून घोगरा आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

दाजींनी क्षणभरही न दवडता इंजिन सुरू केलं आणि बोट त्या आवाजाकडे वळवली. आम्ही होतो त्याच जागेवरून एका मालवाहू जहाजाची काळी भिंत सरकत गेली. आमची बोट कागदासारखी हलली. डावीकडे चिखल होता, पाणी होतं. माणूस कुणी नव्हता.

"दाजी, कोण होतं हो?" मी विचारलं.

"तू नाय म्हटलंस ना? मगे कोणीतरी म्हणाक होयाच होता," ते म्हणाले आणि बोट लाउवर्सोखच्या दिशेने वळवली.

या मार्चमध्ये दाजी हॉस्पिटलात होते. एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "आज ये रे. शेवटचा गाराणा घालूचा आसा. व्हय म्हणाक कोण नाय."

"मीटिंग संपली की निघतोच, दाजी."

मीटिंग लांबली. एस-बानच्या लोकलमधून उतरून मी संध्याकाळी धावत पोचलो तेव्हा त्यांची कॉट रिकामी होती, चादर बदललेली. नर्सने माझा हात धरला आणि दाजी गेल्याचं सांगितलं. मी तिथेच खुर्चीवर बसलो.

पडद्यापलीकडून शेजारचा जर्मन म्हातारा बोलला, "तुमचे मित्र दुपारी बराच वेळ प्रार्थना करत होते. तुम्ही प्रत्येक वाक्याला उत्तर देत होता. फार बरं वाटलं ऐकून. माणसावर एकट्याने प्रार्थना करायची वेळ येऊ नये."

दुपारी मी ऑफिसात होतो.

मी उठलो. रिकाम्या कॉटसमोर हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"



"गेनाऊ, अगदी बरोबर," पडद्यापलीकडून म्हातारा हळूच म्हणाला. "हेच शब्द. पण आवाज हा नव्हता."