शेवटचं पान अक्कानं कापलं होतं

आज सकाळी माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, फोनवर स्वतः कबूल केलं. माझ्या गुप्तहेराच्या कॉमिकचं शेवटचं पान तिनंच कापलं होतं.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरची, श्रीरामपूरची. कॉमिक मी आणि मैत्रीण कुसुम मिळून घ्यायचो. त्या वेळी वाचायची पहिली पाळी तिची होती. ते माझ्याकडे आल्यावर मी शेवटाला पोचले, तर खुनी सांगणारं पानच गायब. साऱ्या वर्गासमोर मी तिला चोर ठरवलं.

"आईशप्पत, मी न्हाई फाडलं," एवढंच ती म्हणाली आणि तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

पानामागे जाहिरातीचं कुपन होतं; त्यासाठी अक्कानं कॉमिक माझ्याकडे आल्या आल्या, मी वाचायच्या आधीच पान कापलं होतं. भिंतीपलीकडचं दाखवणारा चष्मा, घरपोच.

"मग काय दिसलं?" मी अक्काला विचारलं.

"काय दिसणार? पुठ्ठ्याचा होता. भिंतच दिसली."

"आणि खुनी कोण होता?"

"मी कशाला पान उलटून बघतेय?"

म्हणजे कुसुमनं वाचून माझ्याकडे दिलं तेव्हा पान शाबूत होतं. खुनी कोण, हे फक्त तिलाच ठाऊक.

कुसुम आता खर्ड्याला असते. उद्या पहिल्या गाडीनं मी तिच्याकडे निघतेय. खुनी नंतर विचारीन, आधी माफी मागायची आहे. तिच्या दारात उभी राहून पहिलं वाक्य काय बोलू?