फोन उघडला नाही

कडेगावात कृष्णातला सगळे फौजी म्हणतात. अठरा वर्षं सैन्यात काढून तो परतला, तेव्हापासून उसात राबतो. बोलतो कमी. वरून सांगितलेलं ऐकायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणूनच गेल्या पावसाळ्यानंतर नाक्यावर जे झालं, ते ऐकून गावाला नवल वाटलं.

त्याची लेक सृष्टी कराडला शिकून इंजिनिअर झाली. बंगळूरला तिची नोकरीची मुलाखत होती. बापलेक आदल्या दिवशी सकाळीच ट्रॅव्हल्सनं निघाले. कोल्हापूर मागं पडलं आणि हायवेवरच्या एका नाक्यावर गाडी अडवली. बंदोबस्त वाढवल्याचं आठवडाभर कानावर येतच होतं. सगळ्यांना खाली उतरवलं. आधी पिशव्या तपासल्या, मग एकेकाचा चेहरा टॅबवर टिपला. मग अधिकारी म्हणाला, "मोबाइल अनलॉक करून द्या."

लोकांनी मुकाट दिले. अधिकाऱ्याचं बोट कुणाच्या फोटोंवरून, कुणाच्या मेसेजवरून फिरत होतं. सृष्टीनं आपला फोन छातीशी धरला.

"मी नाही देणार, सर. बॅग हवी तर परत बघा."

"का? काय आहे त्यात?"

कृष्णात तिच्या कानाशी वाकला. "दे की गं. आपल्यापाशी लपवण्यासारखं काय हाय?"

"आण्णा, माझं एकटीचं असतं तर दिला असता. हॉस्टेलातल्या एका पोरीनं लय विश्वासानं मला काय काय पाठवलंय. मी शब्द दिलाय तिला."

मागून एक जण ओरडला, "ए पोरी, दाखव की! आमी उनात किती उभं राहायचं?" ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अधिकाऱ्यानं फोनचं टोक धरलं.

कृष्णात मधे आला. कसा, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"सायब, फोन उघडायचा लेखी हुकूम हाय का?"

अधिकाऱ्यानं त्याच्या हातातल्या सैन्याच्या कार्डाकडं बघितलं. "माजी सैनिक ना तुम्ही? तुम्हीच अडवणूक करायला लागलात तर कसं?"

"मीबी नाक्यावर उभा हुतो, सायब. आमी हत्यारं हुडकायचो. कुणाच्या घरातलं वाचत न्हवतो."

ते पुरतं खरं नव्हतं. सीमेवर एकदा त्यानंच एका म्हातारीची ट्रंक रस्त्यात उपडी केली होती. कपडे गोळा करता करता ती त्याच्याकडं बघत राहिली होती. इतक्या वर्षांत तिची आठवण आली नव्हती.

दोघांना शेडमध्ये बसवलं. ट्रॅव्हल्स निघून गेली. अधिकारी लांब उभा राहून वरिष्ठांशी बोलत राहिला. एक हवालदार जवळ येऊन म्हणाला, "केस झाली तर पोरीची नोकरी विसरा, मामा."

कृष्णातनं सृष्टीकडं पाहिलं. ती रडत होती, पण फोन सोडत नव्हती.

"रडू नगंस. मी हाय न्हवं," तो म्हणाला.

ऊन कलल्यावर अधिकारी आला. दोघांचे पुन्हा फोटो काढले, आधार नंबर घेतले आणि नुसतं "जा" म्हणाला. हुकूम शेवटपर्यंत कुणी दाखवला नाही.

पुढच्या गाडीत जागा मिळेपर्यंत पहाट झाली. ते संध्याकाळी पोहोचले तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या. सृष्टी आता सांगलीत एका कारखान्यात काम करते. पगार कमी आहे.

आपले फोटो काढून टाका, असा अर्ज कृष्णातनं पोलिसांकडं केला. दोनदा जाऊन विचारूनही आला. उत्तर नाही. गावात कुणीतरी म्हणालंच, "पोरीच्या फोनात कायतरी असणार." कृष्णातनं वाद घातला नाही. त्या फोनात काय होतं, ते त्यानं स्वतःही अजून लेकीला विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या एका मुलाखतीसाठी पुन्हा बंगळूरला जायचंय. एकटी जाते म्हणाली. तो "जा" म्हणालाय, पण रात्रीची झोप उडालीय.