जपानी साहेब आणि धरणगावचा कापूस

आमच्या जिनात कापसातून निघणारी सरकी दिवसभर उपसा, संध्याकाळी ढीग पुन्हा तेवढाच. तनाका साहेबांच्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगायला घ्यावी तर मागून चार येतात!

पहिली लढाई संपली आणि जळगावात कापूस घ्यायला देशोदेशीचे साहेब उतरले. आमच्या वाट्याला जपानी आला. मी मॅट्रिक, म्हणून दुभाष्या. साहेबांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं उत्तम जमलं.

*

पहिल्याच दिवशी साहेबांना मोतीशेठच्या पेढीवर नेलं. मोतीशेठ आमचे आडते, शेतकऱ्यांचा कापूस आम्हाला मिळवून देणारे. इतर साहेब बुटांसकट गादीवर चढत आणि ते गेले की मोतीशेठ चादर धुवायला टाकत. तनाका साहेबांनी पायरीशीच बूट काढले. एवढंच नाही, वाकून त्यांची तोंडं रस्त्याकडं करून ठेवली.

मोतीशेठचा चेहरा उतरला. हळूच मला म्हणाले, "साहेब रागावले का हो? आले नाहीत तोच निघायची तयारी!"

मी साहेबांना विचारलं. त्यांच्या देशात शिस्तीचा माणूस बूट असेच ठेवतो म्हणे.

*

जिनातले मजूर साहेबांना रामराम करत. साहेब उलट कमरेत वाकत. मजूर जितका म्हातारा तितके जास्त वाकत! असा साहेब कुणी कधी पाहिलेला नव्हता. नवा मुकादम तर घाबरून खाली बसला आणि जमीन चाचपायला लागला.

"काय शोधतोस रे?" मी विचारलं.

"साहेबाचं काय पडलं तेच पाहतोय!"

*

मग मोतीशेठकडचं जेवण. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत पंगत. साहेबांकडची रीत अशी की ताटात काही टाकायचं नाही. आमची रीत अशी की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. झालं! साहेब संपवताहेत, शेठाणीबाई वाढताहेत. साहेबांच्या कपाळावर घाम आला. मी कानात सांगितलं, "ताटावर हात आडवा धरा." त्यांनी धरला.

"लाजू नका साहेब!" म्हणत शेठाणीबाईंनी दुसऱ्या बाजूनं आणखी दोन पुऱ्या सरकवल्या.

शेवटी कढी आली. साहेबांनी वाटी उचलली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा भुरका मारला. मी मान खाली घातली. पण आतून मोतीशेठच्या आईचा आवाज आला, "इतके साहेब जेवून गेले, खाता येणारा हा पहिला!"

*

सगळ्याच गोष्टी अशा गोड नाहीत. धरणगावच्या नानांकडं खिल्लारी जोडी होती. नाना म्हणजे त्या पट्ट्यातलं वजनदार माणूस. त्यांच्या गाड्या ज्या जिनात जात, मागून गावंच्या गावं तिकडं जात. साहेबांनी ती जोडी पाहिली आणि तोंड भरून कौतुक केलं. किती पुष्ट, किती देखणी! मी डोळे वटारले, पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

त्या रात्री एका बैलानं चारा सोडला. सकाळी निरोप आला, "साहेबनी नजर लागनी." नानांच्या गाड्या शेजारच्या जिनात गेल्या आणि आमचं फाटक ओस पडलं. तिकडं कंपनीच्या मुंबई ऑफिसची तार आली. महिनाअखेर कापूस आला नाही तर जळगावचं काम बंद, साहेबांनी मायदेशी परतावं. हात हलवत परत गेलो तर घरी तोंड कसं दाखवू, असं ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं. माझीही नोकरी जाणार होती, ते वेगळंच!

"मी काय बोलायला हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"इथं चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत. फार तर बरं आहे म्हणायचं."

साहेब दुसऱ्या दिवशी धरणगावला गेले, गोठ्यासमोर वाकले आणि पाठ केलेलं मराठी वाक्य मोठ्यानं म्हणाले, "नाना, तुमचे बैल फार वाईट आहेत!"

मला वाटलं, आता काठी बसते. नाना खो खो हसत सुटले. "आते खातीन रे बैल!"

*

तरी गाड्या काही आल्या नाहीत. हसणं वेगळं, सौदा वेगळा.

महिन्याचा शेवटचा बाजार. धरणगावात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हातावर उपरणं टाकायचं, खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. आमच्यातर्फे हात नेहमी मोतीशेठ देत. कारण साहेबांना परक्याचा हात धरणं जमतच नसे, साधं शेकहँड करतानाही ते कानापर्यंत लाल होत.

त्या दिवशी नाना गाडीवरून उतरले आणि मोतीशेठना म्हणाले, "तू नही. साहेबना हात पाहिजे."

मी साहेबांना सांगितलं. ते पुढं झाले आणि हात उपरण्याखाली घातला. गाडीवाले, आडते, शेजारच्या जिनाचे दलाल, सगळे भोवती जमले. एरवी चार दाबांत सौदा होतो. इथं वेळ चालला होता आणि उपरणं हलत नव्हतं. साहेबांची नजर मातीत, नानांची साहेबांच्या तोंडाकडं.

"नाना, काय भाव म्हणतो साहेब?" एक दलाल न राहवून ओरडला.

नानांनी हात सोडला नाही. मान तेवढी वळवली. "कसाना भाव? तेना हात थंडागार पडेल शे! पहिले च्या आना. कापूस बठ्ठाना बठ्ठा तेले दी टाका, भाव सकाय उठीसन करूत."