उपाध्येबाईंचे बोंबील

आशालता उपाध्ये पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत आणि आमच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे राहत. पन्नाशीला आल्या होत्या. अकरा वर्षं त्या मुलांसाठी गोष्टी लिहीत होत्या. गोष्टी पुण्याच्या प्रकाशकांकडे जात आणि महिन्या-दीड महिन्यानं परत येत. परत आलेलं पाकीट बाई उलटं करून पुन्हा चिकटवत आणि त्यातूनच पुढची गोष्ट पाठवत.

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत पाकीट जाड आलं. एका प्रकाशकानं त्यांची गोष्ट पुस्तकासाठी घेतली होती. आत छापायची पानं होती, चित्रांसकट. आठ दिवसांत तपासून पाठवा, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुस्तक काढता येईल, असं पत्र होतं.

गोष्ट दोन बोंबलांची होती. एकाच दोरीवर वाळत घातलेले दोघं. एकाला समुद्राकडे बघायचं असतं, दुसऱ्याला डोंगराकडे, आणि ऊन कलेपर्यंत त्यांचं भांडण चालतं. उपाध्येबाईंनी आयुष्यात मासळीला हात लावला नव्हता. "उपाध्यांकडे मासळी फक्त वहीत शिजते," असं माझी आई म्हणायची.

ती वहीत आली होती भीमाबाईंमुळे. उरणजवळच्या करंजाच्या भीमाबाई आठवड्यातून दोनदा एसटीनं सुकी मासळी घेऊन येत आणि आमच्या ओट्यावर टोपली उतरवत. आई निवडून घेईपर्यंत उपाध्येबाई नाकाला पदर लावून आपल्या दारात उभ्या राहत. पण उभ्या राहत. भीमाबाई सुनेबद्दल बोलत, वाऱ्याबद्दल बोलत, कावळ्यांना शिव्या घालत. एकदा त्या सहज म्हणाल्या होत्या, "बोंबील एकटा नाय सुकवत. जोडीनं टांगावा लागतो." बाईंनी तेवढंच उचललं होतं. गोष्टी कुठून सुचतात, असं वर्गातल्या मुलांनी विचारलं की त्या सांगत, "शेजारच्या ओट्यावरून."

म्हणून पानं आल्यावर त्यांनी ती आधी ओट्यावरच आणली. भीमाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी चित्रं पाहिली आणि हसू लागल्या.

"हे काय गो बाय? कपडे वाळत घातलेस काय?"

चित्रात बोंबील शेपटीला सुतळी बांधून उलटे लटकत होते. तोंडं खाली, उघडी, भांडणात रंगलेली.

"मग कसे टांगतात?" बाईंनी विचारलं.

"याचं तोंड त्याच्या तोंडात घालायचं. दातात दात अडकतो. मंग एक दोरीच्या या अंगाला, एक त्या अंगाला." भीमाबाईंनी दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "आनि तुझे तर भांडतायत. तोंड अडकल्यावर कोन भांडंल? भांडन असं मिटत असतं तर माझ्या सुनेलाच नसतं टांगलं मी?"

आई खूप हसली. बाई हसल्या नाहीत. भांडण गेलं तर गोष्टीत काहीच उरत नव्हतं.

"पुण्यामुंबईच्या पोरांना काय कळतंय?" आई म्हणाली. "द्या पाठवून. अकरा वर्षांनी आलंय."

"करंजाच्या मुलांना कळेल."

"ती कशाला वाचायला येतायत?"

बाईंनी पानं गोळा केली आणि चहा न घेताच घरी गेल्या. पुढचे तीन दिवस पलीकडून नुसता खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता. रविवारी सकाळी मात्र त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही उरणची एसटी पकडली.

करंजाला किनाऱ्यालगत बांबू रोवून दोऱ्या ताणल्या होत्या. या मांडवाला तिथं वलांडी म्हणतात. दोरीवर दोरी, आणि प्रत्येक दोरीवर बोंबलांच्या जोड्या, पांढऱ्या, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेल्या. भीमाबाईंची सून संजना ओल्या बोंबलांच्या ढिगापाशी बसली होती. आमच्याकडे बघतानाही जोड्या अडकवणारे तिचे हात थांबत नव्हते.

"बाईंना पन दे एक जोडी," भीमाबाई म्हणाल्या.

"त्यांना कशाला? वास जायचा नाय दोन दिवस."

"त्यांनी पुस्तकात टांगलेत. आता हातानं टांगू दे."

उपाध्येबाईंनी नाकावरचा पदर कमरेला खोचला आणि ओला, बुळबुळीत बोंबील हातात घेतला. तोंडात तोंड अडकवायला त्यांना बराच वेळ लागला. जोडी दोरीवर ठेवली, हात काढला, आणि दोघं खाली वाळूत पडले.

"एकानं तोंड उघडलं," संजना म्हणाली. "मंग दोघंबी पडतात."

बाई वाळूतल्या बोंबलांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते उचलले, धुतले, पुन्हा अडकवले. तिसऱ्या खेपेला जोडी राहिली. परतीच्या एसटीत त्यांच्या हाताच्या वासानं समोरची बाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, तरी यांना पत्ता नव्हता. त्या मांडीवर वही ठेवून लिहीत होत्या.

नव्या गोष्टीत भांडण नव्हतं. दोघांनाही खूप बोलायचं असतं, पण एकानं जरी तोंड उघडलं तरी दोघं पडणार असतात. कावळा येऊन खिजवतो, मांजर खाली बसून गोड बोलते, वारा टोमणे मारतो. दोघं गप्प राहतात आणि सुकत जातात. बाईंनी ती प्रकाशकाला पाठवली, आणि जोडी कशी टांगतात याचं पेन्सिलीनं काढलेलं ओबडधोबड चित्रही. सोबत लिहिलं की आधीची गोष्ट चुकीची आहे, ती छापू नये.

तीन आठवडे काहीच आलं नाही. बाईंनी वर्गाच्या वह्या तपासल्या, परीक्षेचे पेपर काढले. पुस्तकाबद्दल आईनंही विचारलं नाही. मग पोस्टकार्ड आलं. पुस्तक सुट्टीआधी होणार नव्हतं. चित्रं सगळी नव्यानं काढावी लागणार होती, आणि दोऱ्यांचा रंग कोणता असतो, असं चित्रकारानं विचारलं होतं.

दिवाळीनंतर पुस्तक आलं. पहिली प्रत घेऊन बाई करंजाला गेल्या. भीमाबाईंनी चित्रं नीट पाहिली, दोरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हां. हे बोंबील हायत." मग त्यांनी नातीला पुढं बसवलं.

भावना पाच वर्षांची होती. बाई वाचू लागल्या तशी ती पुस्तकाजवळ सरकत गेली. कावळ्याचं पान आलं. कावळा दोघांना वाटेल तसं बोलतो आणि एका बोंबलाला फार सुंदर उत्तर सुचतं. भावनानं तळहात चित्रातल्या त्या बोंबलाच्या तोंडावर दाबून धरला.

"नको बोलू," ती हळूच म्हणाली.

बाई थांबल्या. तिच्या हातानं पुढची ओळ झाकली गेली होती. तिनं हात आपणहून काढेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.