सासूबाईंच्या सासूचं नाव

मी बेपत्ता आहे हे मला पोलिसाकडूनच कळलं, आणि तेही आमच्याच ओट्यावर, मी केलेला चहा तो पीत असताना. पाथर्डीहून सायकल मारत आलेला हवालदार. म्हणाला, ब्रह्मदेशातल्या एका बाईने या गावचा पत्ता देऊन अर्ज केलाय, पण अशी बाई इथे राहतच नाही असा अहवाल वर गेलाय. तुम्हाला काही माहिती? मग त्याने नाव वाचलं. ते माझंच होतं. मी तसं सांगितलं, तर त्याने माझ्या कुंकवाकडे, डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं आणि हसला. ब्रह्मदेशातली बाई अशी नसते हे त्याला पक्कं माहीत असावं.

वडील मूळचे नगरकडचे. रंगूनला रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तो देश स्वतंत्र झाल्यावर नोकरी टिकवायची तर तिथले कागद घ्या असं त्यांना सांगण्यात आलं, त्यांनी घेतले. मी तिथेच जन्मलेली, त्यामुळे मीही तिथलीच ठरले. लग्नाच्या वयाची झाल्यावर मला नगरला मामाकडे पाठवलं आणि मामाने तिसगावच्या पलीकडच्या एका गावात दिलं. नवरा मराठी शाळेत मास्तर. दर वर्षी मी नगरला पोलीस कचेरीत जायची आणि वर्षभर राहण्याची परवानगी वाढवून आणायची. एखाद्या सुनेला सासरी राहायला दर वर्षी पोलिसांची परवानगी लागते, यात त्या कचेरीत कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग पासपोर्टची मुदत संपली. दिल्लीच्या त्यांच्या वकिलातीने कळवलं की जे इतकी वर्षं बाहेर राहिले ते आमचे नागरिक नाहीत. पासपोर्ट नाही तर इथली मुदतवाढ नाही. उरला एकच मार्ग, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज. तो मंजूर झाला नाही तर देश सोडून जायचं. कुठे जायचं, ते कचेरीत कुणी सांगत नव्हतं. माझी दोन मुलं इथे जन्मलेली, ती इथली. मी तेवढी जायची.

तो अर्ज नगरहून पाथर्डीला आणि पाथर्डीहून आमच्या पोलीस पाटलाकडे चौकशीला आला. पाटलाचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याची बायको आणि मी रोज एकाच बारवेवर पाणी भरायचो. त्याने लिहून दिलं, या नावाची बाई गावात नाही. मी जाऊन जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमचं असलं काय नाव हाय ते मला कसं ठाव असनार? मी खरं तेच लिवलं."

आणि ते खरंच होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. सगळीकडेच लिहितात. पण माझं नाव बदलायला आमच्या घरात खास कारण होतं. माझं माहेरचं नाव आणि सासूबाईंच्या सासूचं नाव एकच. सासूचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, म्हणजे सासूबाईंना मला हाक मारणं अशक्य. ती आजेसासू मी पाहिलीसुद्धा नाही, मी येण्याच्या कितीतरी आधी ती गेली होती. पण नाव तिचंच राहिलं आणि माझं गेलं. रेशनकार्डावर नवं नाव, मुलांच्या शाळेत नवं नाव. मतदारयादीत तर तलाठ्याने न विचारताच नवं नाव घातलेलं. म्हणजे माझ्या एका नावाला मत देण्याचा हक्क होता आणि दुसऱ्याला या देशात राहण्याचाही नव्हता.

नगरच्या कचेरीत नव्याने बदलून आलेल्या कारकुनाने हेच माझ्यासमोर मांडलं, फार हुशारीने. तुम्ही दोन बाया आहात, म्हणाला. एक परदेशी, ती बेपत्ता. दुसरी इथली, तिला परवानगीची गरज नाही. मी पासपोर्टवरचा फोटो दाखवला. त्यात मी दोन वेण्या घातलेली, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. त्याने एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ह्या तुम्हीच कशावरून? लग्नपत्रिका दाखवली, तर म्हणाला पत्रिका कुणीही छापून घेईल. नवऱ्याचा जबाब चालणार नाही, त्याचा स्वार्थ आहे. शेवटी त्याच्या साहेबाने तोडगा काढला. ज्यांनी नाव बदललं, त्या घरातल्या मोठ्या माणसाने दोन्ही नावं सांगून जबाब द्यावा, गावात पंचांसमोर, नायब तहसीलदारांपुढे.

घरातलं मोठं माणूस म्हणजे सासूबाई. सासरे नव्हते.

नायब तहसीलदार दुष्काळी काम बघायला आमच्या भागात यायचेच होते. बारव तोवर आटली होती, टँकरच्या पाण्यावर गाव चाललं होतं आणि निम्मी माणसं खडी फोडायला जात होती. पण त्या दिवशी चावडी भरली. सासूबाई स्वच्छ लुगडं नेसून आल्या. जबाब द्यायला त्यांची ना नव्हती, हे मी मान्य करते. सून कोण, कुठून आणली, लग्न कुठे झालं, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, सुनेचं माहेरचं नाव काय?

"ते मला घेता येत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"माझ्या सासूचं हाय."

चावडीतल्या सगळ्या माना हलल्या. पाटील म्हणाला, "खरं हाय सायेब. म्हातारीनं जल्मात घेतलं न्हाई." त्याच्या आवाजात कौतुक होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब म्हणाले, मी नाव उच्चारतो, तुम्ही हो म्हणा. पण बरोबरचा कारकून आडवा आला. जबाब देणाऱ्याच्या तोंडून नाव यायला हवं, आपण सुचवलं तर वरचे लोक फेटाळतील. पंचांना विचारलं. माझं म्हणून त्यांनी ते नाव कधी ऐकलेलंच नव्हतं. नवरा चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा. सरकारी नोकर आणि त्या आईचा मुलगा, तो दोन्ही बाजूंनी गप्प.

सासूबाईंनी त्यांच्या परीने वाट काढून पाहिली. "नदी हाय ती," त्या म्हणाल्या. "पैठनला लागती, ती."

"बाई, तिला लोक दोन नावांनी ओळखतात. त्यातलं कोणतं?"

"लांबडं."

लोक हसले. साहेबसुद्धा हसले. माझ्या इथे राहण्याचा निकाल लागायचा होता आणि सगळ्या चावडीला करमणूक झाली होती. कारकुनाने टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि सांगितलं, असं लिहिता येत नाही.

तेव्हा मी बोलले. चावडीत, पुरुषांसमोर, सासूला उलटून. आमच्या गावात हे कुणी पाहिलं नव्हतं.

"आत्या, तुमच्या सासूबाई काही ऐकायला बसल्या नाहीत. मी बसले आहे. नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका. मी जाते. पण मग उद्यापासून टँकरला हंडे घेऊन तुम्ही उभ्या राहा, पोरांना न्हाऊ-माखू तुम्ही घाला, भाकऱ्या तुम्ही थापा. गुडघे दुखले तर सासूबाईंना हाक मारा."

"तू गप गं," त्या म्हणाल्या, पण बसल्या जागी थोड्या हलल्या. टँकरवरच्या मारामाऱ्या त्यांनी पाहिल्या होत्या. मी नसताना त्या हंड्यांचं काय होणार, हा विचार मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. माझ्यावरची माया वगैरे नव्हती ती, आणि असती तरी मला त्या दिवशी तिचा उपयोग नव्हता.

त्या भिंतीकडे वळल्या. तोंडावर पदर धरला आणि नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही," कारकून म्हणाला. "पुन्हा सांगा."

पुन्हा घेतलं. मग अंगठा दिला. माझं ते नाव त्या घरातल्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते एखादी शिवी द्यावी तसं बाहेर आलं.

घरी येईपर्यंत गल्लीतल्या बाया त्यांच्याभोवती जमल्या होत्या. एकीने पाठीवरून हात फिरवला, दुसरीने पाया पडून घेतलं. सुनेसाठी केवढं केलं म्हातारीने! दोष जावा म्हणून त्यांनी सोमवारी उपास धरला. माझं नाव घेतल्याचं प्रायश्चित्त. त्या उपासाची भगर अर्थात मीच शिजवली आणि मीठ कमी पडलंय हेही ऐकून घेतलं. मला कुणी काही विचारलं नाही. गावात ती गोष्ट अजून सांगतात, आणि त्यात मी फक्त तोंडाळ सून आहे.

परवानगीचं पत्र पुढे बऱ्याच महिन्यांनी आलं. नवरा शाळेतून घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन बाजूला झाला. सासूबाई दाण्यांतले खडे निवडत होत्या. त्यांना वाचता येत नसे. म्हणाल्या, "वाच की. काय लिवलंय?"

नवऱ्याने मला खूण केली. नाव गाळून वाच, किंवा नुसतं मंजूर झालं म्हण. एवढी वर्षं तो तसाच वागत आला होता, सगळ्यांचं सगळं गाळत.

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पहिल्याच ओळीत माझं नाव होतं, पासपोर्टवरचं, पूर्ण. मी ते बारवेवर हाक मारावी इतक्या मोठ्याने वाचलं. पुढे दोन ठिकाणी पुन्हा आलं होतं, तिथेही तसंच. सासूबाई सूप खाली ठेवून उठल्या आणि परसात निघून गेल्या. नवरा म्हणाला, "आता पुरे."

मी पुरे केलं नाही. खालची सही कुणाची, हुद्दा काय, प्रत कुणाकुणाला, सगळं वाचलं. मग घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि उरलेले दाणे निवडायला बसले.